'खलीफा'ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

गोदाकाठ
एका उर्दू लेखाचं मराठी करायलोय. माणूस आणि सृष्टी यांचं नातं इस्लाम कसं बघतो असा विषय आहे, पावसाळ्यात रोपं वाटताना सोबत पुस्तिका द्यायची आहे. बाकी सगळं जमलं पण एका वाक्यावर गाडं अडलंय, 'इन्सान जमीन पर अल्लाह का खलीफा है'. मी 'प्रतिनिधी' लिहिलं तर मित्र म्हणाला प्रतिनिधी म्हणजे विम्याचा नाहीतर निवडून आलेला, तिथं 'विश्वस्त' टाक. विश्वस्त म्हटलं की मला देवस्थानाचं मंडळच दिसतं. खलीफाच ठेवावं तर वाचणारा थेट बगदादच्या गादीवरच्या खलीफांकडं जाणार. काय करावं?

उदगीरकर
दादा, मुळात कुरआनातली आयत (ओळ) बघा. सूरह (अध्याय) बकराची 30 वी. तिथं 'मी जमिनीवर एक खलीफा करणार आहे' एवढंच आहे, 'अल्लाहचा' हा शब्द आयतीत नाहीच, तो पुढच्या लोकांनी लावला. ख-ल-फ या धातूचा अर्थ मागून येणं, म्हणून पैगंबरांच्या मागून आलेले ते खलीफा. सूरह अनआमच्या 165 व्या आयतीत 'खलाइफ' असं अनेकवचन आहे, त्याचा अर्थ काही जुने भाष्यकार एकामागून एक येणाऱ्या पिढ्या असाच घेतात. म्हणून 'वारस' लिहा.

काळी माती
वारस अजिबात नको!! वारस लागला की फेरफार होतो, सातबाऱ्याला नाव चढतं, मग विकायला मोकळा. आमच्याकडं भावाभावात वाटण्या होऊन बांधावरचे लिंब सगळे गेले, वारसांनीच तोडले ना ते. माझं मत 'मुखत्यार'. मालक दुसराच, कारभार याच्या हातात, आणि हिशोब मागितला की द्यावा लागतो. हा शब्द तलाठ्यापासून सालगड्यापर्यंत सगळ्यांना कळतो.

गोदाकाठ
मुखत्यार चांगलाय पण कोर्टातला वाटतो. 'कारभारी' कसं राहील?

काळी माती
कारभारी म्हणलं की बायामाणसं हसतील, त्या नवऱ्याला म्हणतात.

पानचक्की
विश्वस्त हा अर्थ खलीफामधून काढायची गरजच नाही, त्यासाठी कुरआनात वेगळा शब्द आहे, अमानत. सूरह अहजाब, आयत 72. आकाश, जमीन, डोंगर सगळ्यांपुढं ती अमानत ठेवली, त्यांनी भिऊन नको म्हटलं आणि माणसानं उचलली. आणि हाच शब्द मराठीत 'अनामत' होऊन बसलाय, म-न ची अदलाबदल झाली बस. वसतिगृहाची अनामत, निवडणुकीची अनामत. परत द्यायची वस्तू. 'ही जमीन आपल्याकडं अनामत आहे' असं लिहा, खलीफाचा पेच तिथंच सुटतो.

आमची नानी हे शब्द वापरत नव्हती पण वागत तशीच होती. वजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं) करताना खाली परात ठेवायची, त्यातलं पाणी डाळिंबाच्या बुडाला. एकानं विचारलं इतकं कशाला मोजता, तर हदीस (पैगंबरांचं वचन) सांगायची, की वाहत्या नदीवर वजू करत असलास तरी पाणी वाया घालू नको. इब्न माजाच्या संग्रहात आहे ती. पाणी नसलंच तर स्वच्छ मातीनं तयम्मुम. 72 च्या दुष्काळात घरी ते चालायचं म्हणे. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा मला सारखी नानी आठवायची.

परभणीकर
सगळे फारसी-अरबी शब्दच कामून सुचवायलेत? 'ठेव' हा आपला साधा शब्द आहे की. 'ही सृष्टी आपल्याकडे ठेव आहे.' संपला विषय. मराठी पुस्तिका आहे तर मराठी शब्द पाहिजेत, मी हे मनापासून सांगतोय, रोज एक शब्द मरतोय.

काळी माती
भाऊ, ठेव बँकेत ठेवली की व्याज मिळतं, अनामतीवर मिळत नाही, फरक तिथंच आहे. आणि शुद्ध करायचं तर जमीन फारसी, हवा अरबी, खरीप अरबी (तिकडं शरद ऋतू), रब्बी अरबी (तिकडं वसंत). पेरणी कोणत्या हंगामात करणार तुम्ही?

परभणीकर
रुळलेल्याला माझा विरोध नाही. नवीन आणू नका एवढंच.

पानचक्की
अनामत नवीन आहे का पण?

उदगीरकर
आता विषय निघालाच आहे तर 'हिमा' पण घ्या पुस्तिकेत. राखीव कुरण, तिथं झाड तोडायला बंदी. त्याला 'गायरान' म्हणा, आमच्या भागात देवराई फारशी नाही, गायरान कुणालाही कळतं. शिवाय पाणी, चारा, अग्नी या तिन्हींत सगळ्यांचा वाटा आहे ही हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे, तीही टाका. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्याला ती लगेच पटंल.

गोदाकाठ
टाकतो. पण वाक्याचं काय ठरलं? आणि 'फसाद' पण आहे पुढं, सूरह रूम 41, माणसांच्या हातच्या करणीनं जमिनीवर आणि समुद्रात फसाद माजला अशी. मराठीत फसाद म्हणजे दंगाच होतो. मी 'नासाडी' केलंय, लेखकाला 'बेचिराख' पाहिजे.

परभणीकर
बेचिराख म्हणजे जळून राख होणं, समुद्राला कसं लागू होईल?

पानचक्की
राखेचा काहीच संबंध नाही! बे-चिराग, जिथं दिवा लागत नाही असं गाव. महसुलात अजून नोंद असते की, 'मौजे अमुक, बेचिराख'.

परभणीकर
आमचे आजोबा गाव जाळलं तरच बेचिराख म्हणायचे. तुमचा चिराग कागदावर असंल, लोकांच्या तोंडात राखच आहे.

काळी माती
आमच्या शिवेला तसं एक गाव आहे. मारुतीचं देऊळ, एक पीर, बाकी नुसती पांढर. जळालं बिळालं काही नाही, विहिरीचं पाणी गेलं म्हणून उठलं. दोन्हीकडचे लोक तिथली चिंच तोडत नाहीत.

उदगीरकर
पांढर का पांढरी? आमच्याकडं वस्ती असंल तर पांढरी आणि उठलेली असंल तर पांढर.

काळी माती
नाही नाही, आमच्याकडं दोन्हीला पांढरच. शेत ती काळी, गावठाण ती पांढर.

परभणीकर
हे बघा, हे खरे मराठी शब्द. असे गोळा करा ना.

गोदाकाठ
तूर्त 'मुखत्यार' टाकलाय, पुढच्या ओळीत अनामत. छापायला जाईपर्यंत अजून कुणाला सुचलं तर सांगा. उदगीरकर, पांढरीवर वेगळा धागा काढा, मलाही फरक माहिती करून घ्यायचाय.