हॉगनोज पाळायला परवाना लागावा का?

लेस्टरकर
इंग्लंडमध्ये नाग किंवा घोणस घरी ठेवायची असेल तर १९७६ च्या धोकादायक वन्य प्राणी कायद्याखाली कौन्सिलचा परवाना लागतो. आधी पशुवैद्य जागा पाहून अहवाल देतो. कोणाला इजा झाली तर भरपाई मिळावी म्हणून विमा काढावा लागतो, फी भरावी लागते, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा अर्ज. वेस्टर्न हॉगनोज या छोट्या सापाला यातलं काहीच लागत नाही. ग्राहक सोळा वर्षांचा असला की दुकानदार साप डब्यात घालून हातात देतो.

साप हातभर लांबीचा, नाकाचा शेंडा वर वळलेला, वाळू उकरायला. डिवचला तर मान फुगवून फुत्कारतो, तरीही सोडलं नाही तर उताणा पडून मेल्याचं सोंग घेतो. मुलांना तो आवडतो यात नवल नाही. पण त्याचे मागचे दात लांब असतात आणि लाळ विषारी असते. माझं मत असं की पूर्ण परवाना नको, पण विकताना खरेदीदाराचं नाव-पत्ता नोंदवणं आणि चावला तर काय करायचं याचा कागद देणं सक्तीचं व्हावं. तुम्हाला काय वाटतं?

वारूळ
नोंदही नको. हॉगनोजच्या चाव्याने माणूस दगावल्याचं कुठे वाचलेलं नाही. २००७ साली सरकारने परवाना लागणाऱ्या प्राण्यांची यादी तपासली तेव्हा मॅनग्रोव्ह स्नेक आणि सँड स्नेक स्वतःहून काढून टाकले, आणि त्याच वेळी दक्षिण अमेरिकेतला ग्रीन रेसर हा साप घातला. यादी अशीच हलावी, पुरावा बघून. दुसरं म्हणजे २००१ साली सरकारसाठी या कायद्याचा अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष होता की बहुसंख्य लोक परवाना घेतच नाहीत. कागद वाढवले की लोक साप पाळणं सोडत नाहीत, लपवतात. आणि लपवलेला साप आजारी पडला तर पशुवैद्याकडेही जात नाही, हे मला जास्त लागतं.

पानगळ
वारूळ, पुरावा बघून म्हणता, मग पुरावा कसा जमा झाला तेही बघा. कार्ल श्मिट हे शिकागोच्या फील्ड म्युझियममधले नावाजलेले सर्पतज्ज्ञ. सप्टेंबर १९५७ मध्ये त्यांना बूमस्लँग या विषारी सापाचं पिल्लू चावलं. पिल्लू लहान, दात नीट लागला नाही, म्हणून त्यांनी इस्पितळात जायचं टाळलं आणि लक्षणं लिहीत बसले. दुसऱ्याच दिवशी ते वारले. फ्रँकफर्टचे सर्पतज्ज्ञ रॉबर्ट मेर्टेन्स १९७५ मध्ये स्वतः पाळलेल्या ट्विग स्नेकच्या चाव्याने गेले, अठरा दिवस झगडून. दोघेही मागच्या दातांचे साप. जपानचा यामाकागाशी साप तर कित्येक वर्षं बिनविषारी म्हणून ओळखला जायचा. आज हे तिन्ही साप ब्रिटनच्या यादीत आहेत, पण आधी माणसं गेली. घरात लेकरं असताना मी "अजून कोणी मेलं नाही" यावर विसंबणार नाही. परवाना हवा, पूर्ण हवा.

वारूळ
बूमस्लँग आणि हॉगनोज एका पारड्यात घालू नका हो. बूमस्लँगच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि आतून रक्तस्राव होतो. हॉगनोज बेडूक-भेक खाणारा जीव, त्याच्या विषाचं माणसावर होणारं काम फारच मर्यादित आहे.

लेस्टरकर
मर्यादित आहे, पण शून्य नाही. आमच्या गटातल्या एकाचा अनुभव सांगतो. बर्फातला उंदीर कोमट पाण्यात सोडवला आणि हात न धुता पेटीत घातला. सापाने उंदराच्या वासाने तर्जनीच्या बुडाशी धरलं. टोचून सोडणं हा त्याचा प्रकार नाही. जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकवत तो चावत राहतो आणि तेवढा वेळ लाळ जखमेत उतरते. ओढून काढावं तर सापाचे दात तुटतील म्हणून हा बिचारा थांबून राहिला. संध्याकाळी सूज मनगटापर्यंत आली, अंगठी कापून काढावी लागली. लांब चिमटा वापरा, आधी हात धुवा, अंगठी काढा, धरलं तर लगेच सोडवा: एवढं दुकानदाराने सांगितलं असतं तर? माझी मागणी तेवढीच आहे.

डॉ. कुडाळ
वैद्यकीय बाजू. हॉगनोज चावल्यावर प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) उतरल्याचीही नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. क्वचित घडतं, पण घडतं. यावर प्रतिविष नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी; ती इथे टोचून उपयोग तर नाहीच, उलट रिॲक्शनची जोखीम. म्हणून रुग्णाने सापाचं नेमकं नाव सांगणं फार मोलाचं. आमच्याकडे सौम्य विषाचा हरणटोळ चावलेला माणूस घाबरून येतो, साप ओळखता आला की निम्मी भीती तिथेच जाते. खरेदीच्या पावतीवर शास्त्रीय नाव छापणं सक्तीचं केलं तरी पुष्कळ.

सर्पमित्र_भोर
इथलं, भारतातलं चित्र वेगळं आहे, तेही लक्षात घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, धामण, घोणस हौसेखातर पाळायची सोयच नाही, आणि ते योग्यच आहे. परदेशी प्राण्यांसाठी २०२४ च्या नियमांनी परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी आली, पण ती सायटीसच्या (दुर्मीळ जातींच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्टांतल्या जातींची. बॉल पायथन बिनविषारी असूनही त्यात येतो, आणि विष असलेला हॉगनोज त्या परिशिष्टांत नसल्यामुळे सुटतो. तो कायदा दुर्मीळ जातींचा व्यापार आवरायला आहे, माणसाची बोटं वाचवायला नाही. पानगळताई म्हणतात तसा परवाना आला तरी तो द्यायचा कोणत्या निकषावर? आमच्या भागात माणसाला धोका नसलेला मांजऱ्या साप आणि विषारी फुरसं यांतला फरक न कळून माणसं मांजऱ्या ठेचतात. आधी ओळख पटवणारी माणसं तयार करा.

पानगळ
निकष सोपा ठेवता येईल. ज्या सापाच्या चाव्याने सूज कोपरापर्यंत गेल्याची किंवा रक्तात बदल झाल्याची एक जरी नोंद आहे, त्याला परवाना. हॉगनोज त्यात बसतो. डॉक्टरांची पावतीची सूचना चांगली आहे, पण पावती मुलाच्या हातात साप पडल्यावर मिळते.

लेस्टरकर
त्या निकषात मधमाश्याही बसतील, पानगळ. पण मुलांच्या हातात साप पडू नये हे मला मान्य आहे, अठरा वर्षांखालच्याला विक्री नको. शास्त्रीय नाव असलेली पावती आणि वयाची अट, एवढं लिहून मी आमच्या खासदारांना पाठवतोय. वारूळ, निदान वयाच्या अटीला तरी तुमची हरकत नाही ना?

वारूळ
वयाला नाही. नाव-पत्त्याच्या नोंदीला अजूनही आहे.