मदत हवी आहे: ज्वारीच्या उगवणीचा आलेख मध्येच खाली येतो, काय करावे?

नवी_शिक्षिका
नमस्कार. मी सोलापूरजवळच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. शुक्रवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि आमचा आलेख काही केल्या नीट येत नाही. मुलांनी मिठाच्या पाण्यावर ज्वारी रुजत घातली होती. सहा गट होते आणि प्रत्येकाला वीस दाणे दिले होते. चौथ्या दिवशी मोजल्यावर रुजलेले दाणे अनुक्रमे १९, १८, १८, ९, १५ आणि १२ भरले. चौथा बिंदू सोडून बाकीचे जोडले तर चालेल का? आजच कळले तर बरे होईल, कारण तक्ता रंगवायचा आहे.

आलेखवेडा
'अनुक्रमे' म्हणजे कशाच्या क्रमाने? कोणत्या गटाला किती मीठ दिले आणि क्ष-अक्षावर काय घेतले, हे आपण लिहिलेलेच नाही.

नवी_शिक्षिका
एका लिटर पाण्यात ०, २, ४, ६, ८ आणि १० ग्रॅम मीठ, आणि एका गटाला एकच प्रमाण. क्ष-अक्षावर गट क्रमांक आहे. पण माझा प्रश्न चौथ्या बिंदूचा आहे.

आलेखवेडा
क्ष-अक्षाचा प्रश्न आधी सोडवावा लागेल. गट क्रमांक हे केवळ नाव आहे. मुलांनी मुद्दाम बदलले ते मिठाचे प्रमाण, म्हणून तेच स्वतंत्र चल आणि तेच क्ष-अक्षावर यायला हवे. त्यामुळे जे बदलेल अशी अपेक्षा होती, ती रुजलेल्या दाण्यांची संख्या, य-अक्षावर. १ सेंमी = १ ग्रॅम असे प्रमाण घेतले तर आलेख कागदावर तो सहज मावेल. बिंदूंना वेडीवाकडी रेघ मारून जोडू नका. बिंदू शक्य तितके दोन्ही बाजूंना सारखे राहतील अशी एकच सलग रेघ त्यांच्यामधून काढायला मुलांना शिकवा.

निवृत्त_मास्तर
बाई, तीस वर्षे हेच शिकवत आलो आहे. तो बिंदू खुशाल सोडून द्या. वर्गातल्या प्रयोगात एखादे वाचन चुकतेच, आणि प्रदर्शनाला आलेल्या पालकांना मीठ वाढले की उगवण घटते एवढे समजले तरी पुष्कळ झाले.

जलपरीक्षक
मास्तर, वयाचा मान राखूनही मला हे मान्य नाही. कारण न शोधता वाचन वगळले, तर मुले एवढेच शिकतील की उत्तर आधी ठरवायचे आणि आकडे त्याला जुळवून घ्यायचे. ज्या वयात त्यांना पुराव्याची सवय लागायला हवी, त्याच वयात आपण नेमकी उलटी सवय लावू. बाई, दुसरे असे की पाणी कुठले घेतले? आपल्याकडे बोअरच्या पाण्यात मुळातच क्षार असतात, त्यामुळे तुमचे शून्य हे खरोखर शून्य आहे की नाही तेही पाहा.

मालदांडी
मोहोळच्या मातीत ज्वारी करणारा माणूस म्हणून सांगतो, पेरणीपूर्वी बियाण्याला किलोमागे चार ग्रॅम गंधक चोळले की काणी रोग येत नाही. बियाणे भारी जमिनीत आणि पुरेशी ओल असतानाच पेरावे.

निवृत्त_मास्तर
पेरणीचे कोणी विचारलेले नाही. आणि जलपरीक्षक, मी खोटे लिहायला सांगितलेले नाही, तक्ता सोपा ठेवायला सांगितले आहे.

आलेखवेडा
मालदांडी यांच्या लिहिण्यावरून एक विचारतो. सगळ्यांचे दाणे एकाच पिशवीतले होते का, आणि डबे कुठे ठेवले होते?

नवी_शिक्षिका
पाणी सर्वांना एकाच पिंपातले दिले होते, मात्र ते बोअरचेच आहे. दाणे मुलांनी घरून आणले. आता विचारल्यावर कळले की पाच गटांनी एकाच मुलीच्या घरची मालदांडी जातीची ज्वारी वापरली, तर चौथ्या गटाने मागच्या वर्षीच्या बियाण्याच्या पिशवीतले उरलेले गुलाबी दाणे आणले होते. शिवाय त्यांचा डबा दुपारभर उन्हाच्या खिडकीत होता. हे मला आधीच विचारायला हवे होते.

जलपरीक्षक
म्हणजे चौथ्या गटात मिठाबरोबर आणखी दोन गोष्टी बदलल्या. १७४७ मध्ये ब्रिटिश नौदलातले डॉक्टर जेम्स लिंड यांनी जहाजावरच्या स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, परंतु सर्वांना ठेवले एकाच जागी आणि बाकीचा आहारही सारखाच दिला. म्हणूनच संत्री-लिंबू मिळालेली जोडी लवकर बरी झाली, तेव्हा श्रेय फळांना देता आले. तुमचेही सहाच गट आहेत, त्यामुळे ही गोष्ट मुलांना नक्की पटेल. नियंत्रित चलाची, म्हणजे सर्व गटांत मुद्दाम सारख्या ठेवायच्या गोष्टीची, व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा त्यांच्याच खिडकीतला डबा दाखवा.

निवृत्त_मास्तर
बियाणे वेगळे होते हे मला ठाऊक नव्हते. मग मी माझा सल्ला मागे घेतो. तो बिंदू तक्त्यावर ठेवा, त्याला वेगळ्या रंगाने गोल करा आणि शेजारी कारण लिहा.

आलेखवेडा
कारण नव्हे, संशय लिहा. दोष बियाण्याचा की उन्हाचा, हे अजून ठरलेले नाही. दोन्ही सुटे करायचे असतील, तर गुलाबी दाणे मीठ नसलेल्या पाण्यात सावलीत ठेवा आणि घरची ज्वारी ६ ग्रॅमच्या पाण्यात, तीही सावलीत. जमल्यास घरच्या ज्वारीचा ६ ग्रॅमचाच आणखी एक डबा खिडकीत ठेवा. दाणा रुजला असे केव्हा म्हणायचे, मोड दिसल्यावर की कोंब वर आल्यावर, हेही आधी ठरवून वहीत लिहून घ्या.

नवी_शिक्षिका
सर्वांचे मनापासून आभार. आज सोमवारी तिन्ही डबे लावले आहेत, म्हणजे शुक्रवारी सकाळी बरोबर चौथा दिवस भरेल. मुळाचे पांढरे टोक दिसले की दाणा रुजला, असे मुलांनीच ठरवले. जिच्या घरची ज्वारी होती तिने विचारले की वीस दाण्यांत एखादा दाणा मुळातच मेलेला असला तर काय, म्हणून या वेळी प्रत्येक डब्यात पन्नास दाणे घातले आहेत. आता हे आकडे जुन्या आलेखावर घेताना शेकड्यात मांडावे लागतील ना?

आलेखवेडा
होय, आणि जुने सहाही आकडे शेकड्यातच घ्या. १९ चे ९५ होतील आणि ९ चे ४५.