शब्दचर्चा: ‘डिस्ट्रिक्ट हीटिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: डेन्मार्क, स्वीडनमध्ये एकाच बॉयलरवरून अख्ख्या गावाची घरं तापवतात. जळण म्हणजे गव्हाचं काड नाहीतर लाकडाच्या ढलप्या. याला ‘सामुदायिक गरम पाणीपुरवठा’ म्हटलं तर चालेल? आणि अशा काडा-ढलप्यांना म्हणतात त्या ‘बायोमास’ला नुसतं ‘जळण’?

उत्तर: ‘पाणीपुरवठा’ नको. ते पाणी घराच्या नळाला येतच नाही. साधारण ८० अंशांचं पाणी जमिनीखालच्या फोम-वेष्टित पाइपातून निघतं, घराघरातल्या हीट एक्स्चेंजरमध्ये पत्र्याआडून उष्णता देतं आणि ५० अंशांच्या आसपास माघारी येतं. तेच पाणी सतत फिरतं, म्हणून त्यातले क्षार आणि प्राणवायू काढून टाकतात. नाहीतर पाइप आतून गंजतो. बिलही लिटरवर नसतं, उष्णतेच्या युनिटवर असतं. आपल्याकडे सामायिक विहीर म्हणतात, तसं ‘सामायिक उष्णतापुरवठा’ म्हणा.

दुसरं उत्तर: शब्द पटला. त्याच्या जोडीला ‘परतीचं पाणी’ हाही शब्द घ्या, सगळं गणित त्यावर आहे. तासाला १ घनमीटर पाणी ३० अंशांनी थंड झालं तर सुमारे ३५ किलोवॅट उष्णता पोचते. एखाद्या घरचा व्हॉल्व्ह उघडाच अडकला आणि पाणी ६५ अंशांवरच परतलं, म्हणजे १५ अंशांनीच थंड झालं, की तेवढ्याच उष्णतेला दुप्पट पाणी ढकलावं लागतं.

तिसरं उत्तर: ‘जळण’ चांगला शब्द आहे, फक्त कोणतं जळण ते लिहा. आपल्या गुऱ्हाळावर चिपाड उन्हात वाळवून चुलवाणात घालतात. साखर कारखान्याचा बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, मात्र जवळपास ५० टक्के ओला असतो आणि तसाच बॉयलरला जातो. वस्तू उसाचीच, पण एकाच्या जागी दुसरा शब्द घातला की वाचणाऱ्याचा उष्णतेचा हिशेब चुकतो. पाचट आणखी वेगळं. त्यात पोटॅशियम आणि क्लोरीन जास्त, त्यामुळे राख कमी तापमानाला मऊ होते, भट्टीच्या जाळीवर तिचा खंगर, म्हणजे कडक ढेकूळ, जमतो, खालची हवा अडते, नळ्यांवर थर बसतो. गव्हाच्या काडाचीही हीच खोड, म्हणून त्याची भट्टी ढलप्यांच्या भट्टीपेक्षा निराळी बांधतात. सरसकट ‘शेतीचा कचरा’ लिहू नका.

प्रश्न: आणि ‘बफर टँक’?

उत्तर: ‘साठवण टाकी’. घन जळणाचा बॉयलर फार कमी भारावर नीट जळत नाही, धुमसतो, धूर आणि काजळी वाढते. म्हणून तो एका चालीनं चालवतात, आणि पहाटेची जास्तीची मागणी टाकीतल्या गरम पाण्यावर निघते.