मदत हवी आहे: अंजिरासाठी मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. सासवडजवळ आमची अंजिराची बाग आहे, सगळी ठिबकवर. मीठा बहार धरलाय, म्हणजे फळं उन्हाळ्यात येतात आणि नेमकी तेव्हाच विहीर तळ गाठते. मोबाईलवरून मोटार चालू-बंद होते, पण पाणी किती वेळ सोडायचं ते अजून अंदाजानेच ठरतं. फळ पिकताना पाणी कमी-जास्त झालं की तडकतं, आणि तडकलेलं फळ मार्केट यार्डात कुणी हातात धरत नाही.

टेन्शिओमीटर (माती पाणी किती जोराने धरून ठेवते ते दाखवणारी, पाण्याने भरलेली नळी) साधा आहे, पण त्याच्या नळीत पाणी भरत राहावं लागतं. कपॅसिटन्स सेन्सरला (विजेच्या साहाय्याने ओलावा मोजणारा) ती कटकट नाही. आमची अडचण जमिनीची: वरचा भाग मुरमाड, खालचा काळा. काळ्या मातीला भेगा पडल्या की सेन्सरभोवती पोकळी होते आणि आकडा फसवा येतो. मग दोन्ही भागांना वेगळा व्हॉल्व्ह, वेगळा सेन्सर लावावाच लागेल ना? ड्रीपरपासून किती अंतरावर, किती खोल बसवलात? शिवारात मोबाईलची रेंज धड नाही, तर सिमवाला चालेल की लोरावाला (सिमशिवाय, लांब पल्ल्याच्या रेडिओवर आकडे पाठवणारा) बघू?

ज्यांनी निदान एक उन्हाळा वापरलाय, त्या दादा-ताईंनी कृपया सविस्तर सांगा. छाटणीआधी बसवायचा आहे.