परदेशी पाहुण्याला ‘भारतात’ या शब्दाने सुरू होणारे एकही वाक्य सांगू नये काय?

सह्याद्रीवासी (धागाकर्ता)

गेल्या फेब्रुवारीत माझा एक जर्मन सहकारी प्रथमच भारतात आला. तो येण्यापूर्वी मी मोठ्या हौसेने सात पानांचे टिपण लिहून त्याला पाठवले होते : भारतात लोक कसे वागतात, काय खातात, देवळात कसे जावे, काय बोलू नये. दिल्ली, आग्रा, वाराणसी आणि कोची पाहून शेवटचे चार दिवस तो आमच्या पुण्याच्या घरी आणि मालवणजवळच्या गावी राहिला, आणि निघताना त्याने ते टिपण मला परत दिले. त्याचा पेशा गुणवत्ता-तपासणीचा आहे. माझ्या प्रत्येक विधानासमोर, समासात, त्याने शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात नोंदी केल्या होत्या.

‘भारतीय लोक गोमांस खात नाहीत’ यासमोर लिहिले होते : ‘कोची : हॉटेलच्या यादीत पहिल्याच पानावर.’ ‘देवळात अंग झाकलेले असावे’ यासमोर : ‘कोची : पुरुषांनी सदरा काढायचा होता, मला तसेही आत सोडले नाही.’ ‘प्रार्थनास्थळी कोणालाही मज्जाव नसतो’ यासमोर : ‘दिल्लीच्या गुरुद्वाऱ्यात खरे, डोक्याला रुमाल बांधून पंगतीत जेवलो.’ ‘हिंदीचे चार शब्द शिकून ये’ यासमोर : ‘कोचीच्या रिक्षावाल्याने इंग्रजीत उत्तर दिले.’ ‘बहुतेक लोक शाकाहारी असतात’ यासमोर शब्द नव्हते. आमच्या काकूच्या तव्याचे छोटेसे चित्र होते आणि त्यावर तीन बांगडे.

ते चित्र पाहून मी ओशाळलो. लहानपणापासून मासे खात आलेल्या माणसाने हे वाक्य लिहिलेच कसे? पुष्कळ विचार केल्यावर मला उत्तर सापडले ते असे, की परदेशी माणसाला सांगायचा एक भारत आपण पाठ करून ठेवलेला असतो, आणि तो सांगताना आपण स्वतःच्या स्वयंपाकघराकडेही पाहत नाही. त्या पाठांतरात हिंदी ही सगळ्यांची भाषा असते. प्रत्यक्षात २०११च्या जनगणनेत हिंदी मातृभाषा सांगणारे ४३.६३ टक्के होते, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. त्या पाठांतरात एकच ऋतू, एकच थाळी आणि एकच नमस्कार असतो.

माझे म्हणणे असे, की ‘भारतात’ किंवा ‘भारतीय लोक’ असा आरंभ असलेले प्रत्येक वाक्य अशा टिपणातून खोडावे आणि त्या जागी गाव, महिना आणि घर लिहावे. त्याहून पुढे जाऊन, पाहुण्याला एकच प्रदेश पाहण्याचा आग्रह करावा. ज्या परदेशी अभ्यासकांना हा देश खरोखर कळला, त्यांनी तो एका कोपऱ्यातूनच जाणून घेतला. गुंथर सोन्थायमर खंडोबा आणि धनगरांच्या ओव्या यांच्या मागे लागले, गेल ऑम्व्हेट यांनी सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात घर केले आणि १९८३ साली भारतीय नागरिकत्वही घेतले. सहा शहरे आणि पंधरा दिवस यातून पाहुण्याच्या हाती विमानतळांखेरीज फारसे काही लागत नाही.

जाणकारांनी मत द्यावे. विरोधी मत असल्यास अधिक आनंद होईल.

लेणीवाटाड्या

विरोधी मत देतो. मी बावीस वर्षे छत्रपती संभाजीनगर येथे परदेशी पर्यटकांना लेणी दाखवण्याचे काम करतो, आणि आपला लेख वाचताना मला सारखे वाटत होते, की हे लिहिणाऱ्याच्या पाहुण्याला कधी लॉजवरून परत पाठवलेले नसावे.

सोन्थायमरांचे उदाहरण पर्यटकाला लागू करणे म्हणजे आठवडाभराच्या पाहुण्याला घराचे बांधकाम शिकवणे होय. ज्याची रजा पंधरा दिवसांची आहे त्याला ओव्या नकोत, पोटाला झेपेल असे पाणी आणि वेळेवर गाडी हवी. आणि ‘भारतात’ अशा आरंभाची अनेक वाक्ये शंभर टक्के खरी आहेत. भारतात सॅटेलाइट फोन विनापरवाना बाळगता येत नाही. गिर्यारोहक तो सवयीने पिशवीत टाकून येतात आणि विमानतळावर पोलिसांच्या ताब्यात जातात. भारतात ई-सिगारेटवर २०१९च्या कायद्याने बंदी आहे. भारतात परदेशी पाहुणा उतरला, की मुक्कामाच्या मालकाने सी फॉर्म भरून त्याची नोंद चोवीस तासांत कळवायची असते. लहान लॉजवाल्यांना ती कटकट नको असते, म्हणून ते ‘खोली नाही’ असे सांगतात, आणि पाहुण्याला वाटते, की आपल्या रंगामुळे नाकारले. हे कारण आधी सांगितले तर त्याचा निम्मा मनस्ताप वाचतो. भारतीय मोबाइल क्रमांक नसेल तर ओटीपी येत नाही, आणि ओटीपी नसेल तर रेल्वेस्थानकावरचे फुकट वायफायसुद्धा चालू होत नाही. रेल्वेचे आरक्षण आपल्याला नोव्हेंबर २०२४पासून साठच दिवस आधी करता येते, परदेशी पर्यटकाला मात्र ३६५ दिवस आधी करता येते, ही गोष्ट किती यजमानांना ठाऊक आहे?

यातले काहीही संस्कृतीत मोडत नाही. पण प्रवास फसतो तो इथेच. अजिंठा सोमवारी बंद असतो, आणि दरवर्षी कोणी ना कोणी सोमवारी शंभर किलोमीटर गाडी करून फर्दापूरला येतो आणि बंद फाटकाचा फोटो काढून परत जातो. त्याला आपण शाकाहाराविषयी काय सांगितले होते, हे त्या क्षणी त्याच्या खिजगणतीतही नसते.

माझा एकच प्रश्न आहे. आपल्या टिपणात अशी व्यवहाराची वाक्ये होती का, आणि त्यांच्यासमोर पेन्सिलीने काय लिहिले होते?

मैना

दोघेही पुरुष आहात, हे न सांगताही कळते.

मी गेली काही वर्षे एका भाषासंस्थेत परदेशी विद्यार्थिनींना मराठी शिकवते. एकटीने प्रवास करणाऱ्या मुलीला ‘गाव, महिना आणि घर पाहून ठरव’ असे सांगणे म्हणजे जोखमीचा सगळा हिशेब तिच्यावर टाकून मोकळे होणे आहे. रात्री अकराला अनोळखी स्थानकावर उतरल्यावर त्या गावाचे वैशिष्ट्य शोधायला तिच्याकडे उसंत नसते. तिला ढोबळ, कदाचित अन्यायकारक, पण सगळीकडे लागू पडणारा नियम हवा असतो : काळोख पडण्याआधी मुक्कामी पोहोच, लोकलमध्ये महिलांच्या डब्यात बस, अनोळखी माणसाने ‘तुमचे हॉटेल बंद आहे, मी दुसरे दाखवतो’ असे म्हटले तर स्वतः हॉटेलला फोन कर, ११२ हा क्रमांक पाठ ठेव. पर्यटकांसाठी १३६३ ही मदतवाहिनी आहे आणि तिच्यावर हिंदी-इंग्रजीखेरीज दहा परदेशी भाषांतही बोलता येते, हेही तिला आधी माहीत असावे.

गेटवेवर सेल्फी मागणारे पहिले कुटुंब प्रेमळच असते. पाचव्या गटातला एक जण खांद्यावर हात टाकतो, आणि तोवर आपल्या विद्यार्थिनीला ‘हे लोक पाहुण्याला मान देतात’ असे शिकवून ठेवलेले असल्यामुळे ती हसत उभी राहते. तिला ‘नाही’ म्हणायला आपण शिकवले नाही, ही आपली चूक आहे. माझी एक विद्यार्थिनी होळीला ब्रज भागात गेली होती. रंगांविषयी तिला सगळे ठाऊक होते. गर्दीतल्या हातांविषयी कोणी बोलले नव्हते. परत आल्यावर तिने मला विचारले, की तुम्हाला हे माहीत नव्हते का? मला माहीत होते. देशाची अब्रू जाईल म्हणून मी बोलले नव्हते.

लेणीवाटाड्या यांच्या यादीशी मी सहमत आहे. तिच्यात या विषयाचा एकही शब्द नाही, याच्याशी सहमत नाही.

ब्रह्मपुत्रेकाठी

मैना यांचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु सगळीकडे लागू पडणाऱ्या भीतीचे काय होते ते मी इथे बसून पाहतो आहे. नोकरीच्या निमित्ताने मी चार वर्षे आसाम आणि अरुणाचलात आहे. ‘ईशान्य’ हा एकच शब्द उच्चारून आठ राज्ये एका दमात बाद केली जातात, आणि ती बाद करणाऱ्यांत परदेशी लोकांपेक्षा आपले लोक अधिक असतात. मला भेटायला यायचे म्हणून निघालेल्या तिघा पुणेकर मित्रांना घरच्यांनी थांबवले. त्यातल्या एकाच्या आईने अरुणाचलाला जाण्यासाठी पासपोर्ट लागतो का, असेही विचारले होते.

पासपोर्ट लागत नाही, परवाना मात्र लागतो. मी स्वतः पहिल्यांदा इनर लाइन परमिट न काढता बांदरदेवाच्या नाक्यावर पोहोचलो होतो आणि मला शांतपणे परत पाठवण्यात आले. परदेशी नागरिकाला अरुणाचलासाठी निराळा परवाना काढावा लागतो आणि त्याच्या अटी अधिक कडक असतात. त्या दिवशी नाक्यावर माझ्यासोबत एक फ्रेंच जोडपे होते. त्यांचे कागद पूर्ण होते. ते आत गेले, मी आसामात परतलो.

म्हणून मला हा धागाच थोडा उलटा वाटतो. बिहारमध्ये २०१६पासून दारूबंदी आहे, वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांतही आहे, पुरीच्या जगन्नाथ मंदिरात हिंदूखेरीज कोणाला प्रवेश नाही, विमानाने थेट लेहला उतरल्यावर सुमारे ३५०० मीटर उंचीची सवय होईपर्यंत दोन दिवस स्वस्थ पडून राहावे लागते : यातली किती वाक्ये आपल्या शेजाऱ्याला ठाऊक आहेत? आपण परदेशी माणसाला देश समजावून सांगायला बसतो, तेव्हा तो आपल्याला ठाऊक आहे हे गृहीत धरलेले असते.

खडूस वाचक

अजिंठ्याला आपल्याला तिकीट ४० रुपये आणि त्या जर्मन पाहुण्याला ६००. आधी हे सांगा. ‘अतिथी देवो भव’ नंतर सांगा.

लेणीवाटाड्या

खडूस वाचक, तिकिटाच्या खिडकीवर याचे उत्तर मला रोज द्यावे लागते. देशवासीयांच्या करातून लेण्यांची देखभाल होते, हे कारण बहुतेकांना पटते. न पटणारा भाग असा, की सार्क आणि बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट, त्यात थायलंडही आहे) देशांच्या नागरिकांना ४० रुपयेच लागतात, आणि म्हणून रांगेतला थाई पाहुणा आत जातो तेव्हा मागचा जपानी पाहुणा माझ्याकडे पाहतो.

मैना यांचा आक्षेप मान्य आहे. आमच्या व्यवसायात हे बोलायचे नाही असा अलिखित नियम आहे, कारण पाहुणा घाबरला तर सहल रद्द होते. मीही तो पाळत आलो. यापुढे निदान पाचव्या सेल्फीची गोष्ट सांगेन.

सह्याद्रीवासी (धागाकर्ता)

लेणीवाटाड्या यांच्या प्रश्नाचे उत्तर देणे भाग आहे. व्यवहाराची वाक्ये माझ्या टिपणात शेवटच्या अर्ध्या पानावर होती. त्या सगळ्यांसमोर बरोबरची खूण होती, आणि खाली लिहिले होते : ‘हे पान पहिले असायला हवे होते.’ धाग्याच्या आरंभी मी हे सांगितले नाही, कारण ते माझ्या मुद्द्याला अडचणीचे होते.

तरीही माझा मूळ मुद्दा मी पूर्णपणे सोडत नाही. सी फॉर्म आणि सॅटेलाइट फोन हे सरकारचे नियम आहेत. तिथे ‘भारतात’ म्हणावेच लागेल. लोकांविषयी बोलताना मात्र तो शब्द मी टाळेन. मैना यांचे नियमही मला लोकांच्या वर्णनासारखे वाटत नाहीत. घर सोडताना कुलूप तपासण्यासारखे वाटतात, आणि ते सगळीकडे चालतात. ब्रह्मपुत्रेकाठी यांनी माझ्या आईविषयी लिहिले नसावे, अशी आशा आहे. तिलाही तो प्रश्न पडला असता.

तो सहकारी पुढच्या जानेवारीत सपत्नीक पुन्हा येणार आहे. या वेळी दिल्ली नाही, कोची नाही. दहा दिवस फक्त मराठवाडा आणि कोकण. नवे टिपण दीड पानाचे झाले आहे आणि त्यात व्यवहाराचे पान पहिले आहे. सोमवारची चूक टाळली आहे : रविवारी रात्री मुक्काम, सोमवारी विश्रांती, मंगळवारी वेरूळ, बुधवारी अजिंठा. काही राहिले असल्यास सांगावे.

लेणीवाटाड्या

वेरूळ मंगळवारी बंद असते. सोमवारी वेरूळ करा, मंगळवारी अजिंठा, आणि विश्रांती बुधवारी.