शब्दचर्चा: गुरांच्या रोगांवर ‘सर्वेक्षण’, ‘निगराणी’ की ‘पाळत’?

कुळागर

गोव्यातल्या सत्तरी आणि धारबांदोडा तालुक्यांतल्या पंचायतींसाठी गुरांच्या रोगांवर दोन पानी मराठी पत्रक करायचं आहे. वाचणारे म्हणजे डेअरीला दूध घालणारे, धनगर वस्तीतली माणसं, पंच आणि पंचायत सचिव. मसुद्यात ‘रोग सर्वेक्षण’ हा शब्द पानभर पसरलाय. कुठे त्याचा अर्थ सर्व्हे, कुठे सर्व्हेलन्स. एक उपशीर्षक तर ‘निष्क्रिय सर्वेक्षण’ असं आहे. ते वाचून पशुसंवर्धन खात्याने काम बंद केलं असंच वाटेल. शिवाय सीरमला एका ठिकाणी ‘रक्तजल’, दुसऱ्या ठिकाणी ‘रक्तद्रव’. काय ठेवायचं, काय काढायचं?

दौतटाक

‘निगराणी’ हिंदीतून आलेला, पण आता वृत्तपत्रांत रुळलाय. ‘देखरेख’ म्हणजे सांभाळ, तो इथे चालणार नाही. ‘टेहळणी’ला सैन्याचा वास आहे. ‘पाळत’ नेमका शब्द, फक्त ती चोरावर ठेवतात. गोठ्यावर पाळत ठेवली म्हटलं की मालक दार लावून घेईल.

सत्तरीकर

आधी कामातला फरक सांगतो, मग शब्द निवडणं सोपं जाईल.

सर्वेक्षणाला सुरुवात आणि शेवट असतो. ठरलेली गावं, ठरलेली संख्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली जनावरं, नमुने घेतले, अहवाल झाला, संपलं. लाळ्या-खुरकुताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात (२०१९ पासून हा आणि ब्रुसेलोसिसचा, म्हणजे गुरं गाभडवणाऱ्या रोगाचा, कार्यक्रम एकत्र चालतात) लसीकरणाच्या आधी आणि नंतर रक्तजल नमुने घेतात. त्यातून कळपात किती प्रतिकारशक्ती आली ते कळतं. याला सर्वेक्षण म्हणणं बरोबर आहे.

सर्व्हेलन्स थांबत नाही. त्यात चार गोष्टी लागतात: माहिती सतत येत राहणं, ती कोणीतरी रोज पाहणं, नेहमीपेक्षा वेगळं दिसलं तर ओळखणं आणि त्यावर काहीतरी करणं. यातली शेवटची गळाली तर उरते ती फक्त नोंदवही. बर्ड फ्लूच्या आराखड्यातलं उदाहरण घ्या. रोग सापडल्या जागेपासून १ किलोमीटरपर्यंत बाधित क्षेत्र, तिथून पुढे १० किलोमीटरपर्यंत दुसरा पट्टा. त्या दुसऱ्या पट्ट्याला ‘सर्वेक्षण क्षेत्र’ म्हटलं की लोकांना वाटतं कोणी एकदा येऊन मोजून जाईल. खरं तर तिथे पुढचे कितीतरी आठवडे नमुने घेणं आणि मरतुकीची विचारपूस चालू राहते.

माझं मत: शास्त्रीय मजकुरात ‘रोगनिगराणी’, एकदाच होणाऱ्या तपासणीला ‘सर्वेक्षण’. पंचायतीच्या पत्रकात दोन्ही नकोत. ‘रोगावर लक्ष’ म्हणा. कोणालाही कळतं.

दौतटाक

‘रोगनिगराणी’ मान्य. फारसी शेपटीला संस्कृत डोकं लावलंय म्हणून कोणी कुरकुरलं तर कुरकुरू दे. आणि ‘निष्क्रिय’चं काय?

सत्तरीकर

तो शब्द जायलाच हवा. पॅसिव्ह म्हणजे खातं स्वतः शोधत जात नाही, मालकाने कळवलं की तपासतं. यात निष्क्रिय कोणीच नसतं. उलट बहुतेक साथी अशाच पकडल्या जातात, कारण म्हैस चारा सोडते ते पहिल्यांदा तिच्या मालकालाच दिसतं. गोव्यात ‘खबर’ हा शब्द मराठी, कोंकणी दोन्हीकडे रोजचा. म्हणून ‘खबरीवरची निगराणी’ आणि उलट बाजूला ‘शोधनिगराणी’. शोधनिगराणीत खात्याची माणसं स्वतः गोठ्यागोठ्यांत, कत्तलखान्यात, मोले-केरी-पत्रादेवीच्या तपासणी नाक्यांवर जाऊन पाहतात.

कायद्यानेही खबरीचं ओझं मालकावरच टाकलंय. ‘प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व त्यांचे नियंत्रण अधिनियम, २००९’ याच्या कलम ४ प्रमाणे अनुसूचित रोगाचा संशय आल्यास मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवायचं आणि तिथून ते जवळच्या पशुवैद्यकाकडे पोचायचं. पत्रकात ‘अनुसूचित’ हा शब्द एकटा सोडू नका, गोव्यात तो वाचला की लोकांना जमाती आठवतात. ‘कळवणं बंधनकारक असलेले रोग’ लिहा, लांब झालं तरी चालेल.

काचपट्टी

‘संक्रामक’ आणि ‘सांसर्गिक’ कायद्यात शेजारी शेजारी बसलेत ते शोभेसाठी नाहीत. सांसर्गिक म्हणजे एकमेकांच्या संपर्काने जाणारा, जसा लाळ्या-खुरकूत. संक्रामक हा मोठा गट. माकडताप गोचिडीतून होतो, एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, म्हणजे संक्रामक आहे, सांसर्गिक नाही. ‘संसर्गजन्य’ या एकाच शब्दात आपण दोघांना कोंबतो.

आता सीरम. रक्तद्रव म्हणजे प्लाझ्मा. रक्त गोठू न देता पेशी बाजूला केल्या की उरतो तो. रक्तजल म्हणजे सीरम, रक्त गोठल्यावर वर सुटतं ते पिवळसर पाणी. विश्वकोशी मजकुरात याला ‘रक्तरस’ही म्हणतात, पण पशुसंवर्धन खात्यांच्या कागदपत्रांत ‘रक्तजल’ पक्कं झालंय, तेच ठेवा. या दोन शब्दांची गल्लत झाली की चुकीची नळी येते. रक्तजलाला साधी नळी लागते, लाल झाकणाची. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं, ते रक्त गोठू देत नाही. ती पीसीआरसाठी किंवा रक्तपेशी पाहण्यासाठी.

नमुना कसा घ्यायचा तेही याच चौकटीत द्या: मोठ्या जनावराचं साधारण ५ मिलि रक्त, नळी न हलवता तिरकी ठेवायची, सावलीत तास-दोन तास. गुठळी आकसली की वरचं रक्तजल दुसऱ्या नळीत काढायचं आणि मग २ ते ८ अंशांवर ठेवायचं. घाईने सुरुवातीलाच बर्फात घातलं तर गुठळी नीट आकसत नाही, रक्तजल कमी मिळतं. अख्खं रक्त फ्रीझरमध्ये गोठवलं किंवा दुचाकीच्या डिकीत हिंदकळत नेलं तर पेशी फुटतात आणि रक्तजल लाल होतं. तसा नमुना आला की तपासणारा हात आखडतो. ब्रुसेलोसिसच्या रोझ बेंगॉल चाचणीत ३० मायक्रोलिटर रक्तजल, तेवढंच गुलाबी प्रतिजन (मेलेल्या ब्रुसेला जंतूंचं रंगीत द्रावण), पट्टी हलवत राहायचं आणि बरोबर ४ मिनिटांनी वाचायचं. उशीर झाला तर थेंबाची कड सुकते आणि सुकलेले कण पॉझिटिव्ह नमुन्यातल्या गुठळ्यांसारखे दिसतात. प्रतिजन फ्रिजमधून काढून थेट वापरणं ही दुसरी नेहमीची चूक.

कुळागर

पॉझिटिव्हला मसुद्यात ‘होकारार्थी’ आहे. चालेल?

काचपट्टी

खात्याचा जुना शब्द, चुकीचा नाही, पण वाचणारा क्षणभर थबकतो. ‘पॉझिटिव्ह’च ठेवा. मात्र कशाला पॉझिटिव्ह ते लिहिल्याशिवाय सोडू नका. ‘गाय ब्रुसेलाला पॉझिटिव्ह’ या वाक्यात दोन शक्यता लपलेल्या असतात: रोग झालाय, किंवा वासरू असताना लस टोचलीय. ही लस ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांनाच देतात. म्हणून नमुन्याबरोबर कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक आणि लसीची तारीख हवी. लाळ्या-खुरकुतात हा गुंता सोडवायला वेगळी चाचणी आहे. शुद्ध केलेल्या लसीत विषाणूची ठरावीक प्रथिनंच असतात, खऱ्या संसर्गात त्याखेरीज आणखी प्रथिनं तयार होतात. त्या जादा प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सापडली तर विषाणू खरोखर येऊन गेला.

सत्तरीकर

आता रोगांची नावं, कारण खरा घोळ तिथे आहे.

‘घटसर्प’ म्हटलं की दवाखान्यातल्या नर्सला डिप्थेरिया आठवतो, गुरांच्या डॉक्टरला पाश्चुरेला जंतूचा रोग. दोन्हींत गळा सुजतो, नाव तेवढ्यावरून पडलं, बाकी काहीएक संबंध नाही. पंचायतीच्या फलकावर ‘घटसर्पाची लस मिळेल’ एवढंच लिहिलं तर पोरांना घेऊन आया येतील. ‘गुरांचा घटसर्प’ लिहायचं, दर वेळी. ही लस पावसाच्या आधी टोचायची, रोग पावसात उसळतो. मेलेलं जनावर कुजायला लागलं असेल तर पायाचं लांब हाड मांस काढून पाठवतात, मज्जेत जंतू बराच काळ टिकतात.

‘मानमोडी’ कोंबड्यांच्या राणीखेत रोगाचं नाव, पण १९१८ च्या इन्फ्लुएंझालाही लोक तेच म्हणत. आज तिथे गोंधळ व्हायची शक्यता नाही, राहू दे.

‘माकडताप’ मात्र मला खटकतो. विषाणू सापडला १९५७ मध्ये, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात. गोव्यात २०१५ मध्ये सत्तरीत साथ आली. माकड इथे आपल्यासारखंच बळी, रोग गोचिडीतून येतो. नावामुळे लोक माकडांवर राग काढतात, आणि खबर देण्याऐवजी मेलेलं माकड गुपचूप पुरून टाकतात. खबर महत्त्वाची, कारण माकड मेल्यावर त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात, आणि त्याच वाटेने माणसं काजू गोळा करायला जातात.

दौतटाक

नाव बदलायला जाऊ नका. रुळलेलं नाव काढून ‘क्यासनूर वनज्वर’ छापलंत तर पत्रक कोणी वाचणार नाही. ‘माकडताप (गोचिडीमुळे होणारा)’ एवढं करा.

कुळागर

आणि ‘रेबीजमुक्त गोवा’? मसुद्यात ठळक अक्षरांत आहे.

सत्तरीकर

काढा. २०२१ मध्ये जाहीर झालं ते ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’. वर सांगितलेल्या २००९ च्या कायद्यातलीच ती संज्ञा. मुक्त म्हणायला जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे २४ महिने स्थानिक लागण एकही नको, आणि ती नाही हे दाखवण्याइतकी निगराणी चालू हवी. दुसरी अट लोक विसरतात. मेलेल्या कुत्र्यांचे मेंदू तपासलेच नाहीत तर आकडा शून्यच येणार. ‘मुक्त’ वाचलं की लोक चावा धुवायचं सोडतात, १५ मिनिटं साबण-पाण्याने, आणि लस टाळतात. शिवाय कुत्र्यांच्या ७० टक्के लसीकरणाचं लक्ष्य दर वर्षी गाठावं लागतं, कारण नवी पिल्लं जन्मतच असतात.

‘मेंदूचा नमुना’ एवढं लिहिणंही अपुरं. मस्तिष्कस्तंभ (मेंदूचा देठ) आणि अनुमस्तिष्क (लहान मेंदू) हवेत. कवटी फोडायची सोय नसेल तर मानेच्या मागच्या भोकातून नळी घालून काढतात. तो बर्फावर पाठवायचा. बर्फ मिळत नसेल तर ५० टक्के ग्लिसरीन-सलाईनमध्ये. फॉर्मेलिनमध्ये घातला की नेहमीच्या चकाकी चाचणीला (सूक्ष्मदर्शीखाली विषाणू चकाकून दिसतो ती) तो निकामी होतो. ‘नमुना फॉर्मेलिनमध्ये ठेवावा’ हे सरसकट वाक्य मसुद्यात असेल तर त्यावर काट मारा. फॉर्मेलिन फक्त ऊतींची रचना पाहण्यासाठी, १० टक्क्यांचं, तुकड्याच्या दहापट, आणि तुकडा अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको.

दौतटाक

‘चकाकी चाचणी’ छान आहे हो. कोशात ‘प्रतिदीप्ती’ असा जीभ अडकवणारा शब्द आहे.

कुळागर

शेवटचं: ‘प्रयोगशाळेची क्षमता वाढवणे’. पंच विचारतात, म्हणजे नवी इमारत का?

काचपट्टी

‘क्षमता’ ऐकलं की यंत्रं डोळ्यांपुढे येतात आणि निधीही त्यांनाच मिळतो. प्रत्यक्षात अडतं ते दुसरीकडे. एलायझाची, म्हणजे रक्तजलातली प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीची, प्लेट ९६ खाचांची. काही खाचा तुलनेच्या नमुन्यांना जातात. गावाकडून पाच-पाच नमुने आले तर प्लेट भरेपर्यंत थांबायचं की महागडं किट अर्धवट वापरायचं? थांबलं तर निकाल शिळा. किटची मुदत सहा महिने उरलेली असताना ते हाती येतं. घरगुती बिनबर्फाच्या फ्रिजचा फ्रीझर बर्फ वितळवायला मधूनमधून स्वतःच गरम होतो, त्यात ठेवलेलं रक्तजल पुन्हा पुन्हा वितळून बिघडतं. गोव्याच्या पावसाळ्यात सूक्ष्मदर्शीच्या भिंगावर बुरशी चढते, पेटीत सिलिका जेल नसेल तर एका हंगामात भिंग धूसर. थेंब मोजून टाकणाऱ्या पिपेटचं अंशशोधन (माप बरोबर आहे का याची तपासणी) वर्षानुवर्षं झालेलं नसतं आणि ३० मायक्रोलिटर म्हणून २४ पडतात.

बर्ड फ्लूचा पक्का निकाल भोपाळच्या उच्च सुरक्षा संस्थेतून येतो, बाकी बरंचसं पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातं, रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. गावातून निघालेला नमुना तिथवर थंड पोचणं हाही क्षमतेचाच भाग. म्हणून पंचांना सांगायचं झालं तर ‘तपासणीची तयारी’ म्हणा: माणूस, किट, वीज, वाहतूक आणि निकाल परत पोचवणारा फोन.

कुळागर

मग पत्रकातली चौकट अशी करतो:

‘गुरांच्या रोगावर लक्ष ठेवूया. जनावर चारा सोडतं, लाळ गाळतं, लंगडतं, गाभडतं किंवा अचानक मरतं, तर त्याच दिवशी पंचायतीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात खबर द्या. नमुन्याच्या नळीवर बिल्ल्याचा क्रमांक, गाव आणि तारीख लिहा. मेलेलं जनावर खड्ड्यात पुरून चुना घाला.’

काचपट्टी

लिहायचं नळीच्या अंगावर, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात. आणि न पुसणाऱ्या शाईने, बर्फाच्या पाण्याने बॉलपेन जातं.

सत्तरीकर

शेवटचं वाक्य बदला. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर फाशीचा (अँथ्रॅक्सचा) संशय. (माणसात हीच काळपुळी. नुसतं ‘फाशी’ छापू नका, ‘फाशी रोग’ लिहा.) असं जनावर फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही. हवा लागली की जंतू बीजाणू बनवतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पशुवैद्यक कानाच्या शिरेतून एक थेंब घेऊन काचपट्टी करेल, तेवढं पुरतं. चुनाही नको, त्यातल्या कॅल्शियममुळे बीजाणू टिकायला मदत होते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत आहे. तेव्हा ‘पशुवैद्यक येईपर्यंत हात लावू नका, कुत्र्या-कावळ्यांना जवळ येऊ देऊ नका’ एवढं ठेवा.