शब्दचर्चा: ॲनिमेटेड वॉलपेपरला काय म्हणायचं?

खिडकीवाली:
मदत हवीय. ज्येष्ठ नागरिकांच्या कॉम्प्युटर वर्गासाठी एक पुस्तिका मराठीत करतेय. ॲनिमेटेड वॉलपेपरला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर मागे हलत राहणाऱ्या चित्राला, मी 'सजीव भित्तिचित्र' लिहिलं, तर कच्चा खर्डा वाचून एका आजोबांनी विचारलं, यात अजिंठा कुठून आलं? आणि स्क्रीनसेव्हरला, म्हणजे मशीन काही वेळ न वापरता ठेवलं की पडद्यावर आपोआप येणाऱ्या चित्राला, तर शब्दच सुचत नाहीये. वाक्य असं आहे की विंडोज १० मध्ये जिफ (छोटं हलतं चित्र असलेली फाइल) वॉलपेपर म्हणून लावली तर ती हलत नाही, पहिलीच फ्रेम दिसत राहते. कसं लिहाल?

कोल्हापुरी_गडी:
वॉलपेपरच लिवा की ताई. आजोबा मोबाईलवर रोज वॉलपेपर बदलत असतील, त्यांना शब्द ठाऊक हाय.

अक्षरवेल:
असं सोडून देऊ नका. चलत् + चित्र = चलच्चित्र, दोन च, 'चलचित्र' चूक. भित्तिचित्राला भिंत लागते, इथे भिंत नाही, म्हणून 'चल-पार्श्वचित्र' म्हणा. दिनांक, महापौर हे सावरकरांचे शब्दही एकेकाळी नवेच होते, वापरले म्हणून रुळले.

बोरकूट:
आमची आई विंडोज एक्सपीच्या वॉलपेपरवरच्या त्या हिरव्या टेकडीला कायम 'देखावा' म्हणायची, कॉम्प्युटरवरचा देखावा बदललास का रे, असं. (तो फोटो चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला आहे.) शाळेत चित्रकलेच्या तासाला डोंगर, मधे सूर्य, नदी, झोपडी काढायचो तोही देखावाच. आणि हलणारा असेल तर शब्द तयारच आहे, गणपतीतला हलता देखावा! आमच्या पेठेत अफझलखानाच्या वधाचा होता, मागे मोटर, महाराजांचा हात वर जायचा, खाली यायचा, क्षणभर अडखळायचा, परत वर. रात्रभर तेवढंच. जिफ तरी दुसरं काय करते? तीच तीच चित्रं फिरून फिरून. मला तर याहून नेमका शब्द दिसत नाही.

अक्षरवेल:
'नुसता देखावा आहे' म्हणतो तेव्हा अर्थ काय होतो? दिखाऊपणा. पुस्तिकेत हा शब्द मला खटकेल.

बोरकूट:
अहो देखणे वरून देखावा, जे बघायचं ते. दिखाऊपणाचा अर्थ वाक्यावरून कळतो, म्हणून काय मंडळांनी शब्द टाकून दिला का?

जुना_तंत्रज्ञ:
हलता देखावा मला पसंत. विंडोज ९८ मध्ये ॲक्टिव्ह डेस्कटॉप होतं, म्हणजे वॉलपेपरच्या जागी वेबपेज लावायची सोय, त्यावर जिफ खरोखर हलायची, मशीन मात्र रडायचं. पुढे विंडोज व्हिस्टात ते काढलं आणि अल्टिमेट आवृत्तीला २००७ मध्ये ड्रीमसीन दिलं, त्यात व्हिडिओच मागे चालायचा, विंडोज ७ मध्ये तेही गेलं. ताईंच्या वाक्याचं मूळ हे आहे.
स्क्रीनसेव्हरला मी 'पडदाराखण' म्हणेन. शेताची राखण करतो तशी. जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन् तास राहिलं की आतला फॉस्फरचा थर तिथे जळायचा. मी एका पतपेढीत मॉनिटर बघितलाय, बंद केला तरी खातेवहीच्या उभ्या रेघा काचेवर स्पष्ट दिसायच्या, बोट फिरवून मोजता आल्या असत्या.

कोल्हापुरी_गडी:
आता एलसीडीच्या चपट्या पडद्याला कसली राखण? कामच उरलं न्हाई तर नाव कशाला तेच?

जुना_तंत्रज्ञ:
ओएलईडीवर, त्या नव्या प्रकारच्या पडद्यावर, पुन्हा डाग राहतात की. राखण लागतेच.

मोगरी:
आम्ही २००१ च्या सुमारास क्लासला जायचो तेव्हा पाइपांचा स्क्रीनसेव्हर लागला की सगळी पोरं ओरडायची, मॅडम नळ सुरू झाले! दुसऱ्या मशीनवर उडत्या चांदण्यांचा होता, त्यालाही आम्ही 'नळ'च म्हणायचो, चांदण्यांचे नळ. त्या पाइपांच्या सांध्यावर मधूनच एक चहाची किटली यायची, कुणाला आठवतेय का? ती दिसावी म्हणून मी माउसला हातच लावायचे नाही.

बोरकूट:
किटली! मी दोनदा पाहिलीय फक्त. कुणाला सांगितलं तर विश्वास ठेवत नसत.

खिडकीवाली:
हलता देखावा मी घेतेय, त्या आजोबांना फोनवर विचारलं, त्यांना लगेच कळलं. पण स्क्रीनसेव्हरची जागा अजून रिकामीच आहे आणि शनिवारी छपाईला द्यायचंय. पडदाराखण की नळ की स्क्रीनसेव्हरच?

अक्षरवेल:
ते ठरेल, आधी हे सांगा, तो पडदाराखण की ती? राखण स्त्रीलिंगी आहे.

कोल्हापुरी_गडी:
आणि जिफ? आमच्यात ते जिफ म्हणतात, तुमच्यात ती कशी काय झाली?